थोमाचा हात आणि मैलापूरची माती

एका अंगाला बकिंगहॅम कालवा व त्यापलीकडे बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणैची विस्तीर्ण दलदल, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर महाबलीपुरमकडे जाणारा जुना रस्ता, अशा जागी वसलेले शोळिंगनल्लूर २०११ साली चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आणि संगणक-व्यवसायाच्या उंच इमारतींमुळे आता पुण्या-मुंबईकडच्या मराठी तरुणांच्या पत्त्यांतही ते नाव दिसू लागले आहे. या गावावरून जाणारा कालवा उत्तरेस मद्रास शहराच्या पोटातून वाहतो, आणि त्यातील अड्यार व कूवम या दोन नद्यांना जोडणारा भाग १८७६ ते १८७८ या वर्षांच्या भीषण दुष्काळात, अन्नाला महाग झालेल्या रयतेच्या हातांनी खोदला गेला. त्या कालव्याच्या अनुरोधाने उत्तरेस गेले असता मैलापूर लागते. तेथे समुद्राच्या अगदी काठावर सांथोमचे शुभ्र, उंच शिखराचे चर्च आहे, व त्याच्यापासून थोड्याच अंतरावर कपालीश्वराचे देऊळ. शोळिंगनल्लूरच्या वायव्येस परंगिमलै ही टेकडी असून सैदापेटेस अड्यार नदीजवळ चिन्नमलै ही दुसरी, लहान टेकडी आहे. या तिन्ही ख्रिस्ती स्थळांवर एकाच पुरुषाचे नाव कोरलेले आहे. आणि तो पुरुष म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता ऐकल्यावर, डोळ्यांनी पाहिल्यावाचून व हाताने चाचपल्यावाचून ती मान्य करणार नाही असे आपल्या सोबत्यांना बजावणारा प्रेषित थोमा. मृत्यूवरील विजयाच्या साक्षीदारांत जो सर्वांत शेवटी पटला, त्याची स्मृती या किनाऱ्याने सर्वांत जिवापाड जपावी, या घटनेत इतिहासाचा एक मोठा अर्थ साठवलेला आहे, असे मला वाटते.

मेलेली माणसे पुन्हा उठल्याच्या कथा बायबलात येशूपाशी प्रथम येतात असे नाही. जुन्या करारात एलीया हा संदेष्टा सारफथ येथील विधवेच्या मुलाला, आणि त्याचा शिष्य अलीशा शूनेम येथील गृहिणीच्या मुलाला परत आणतो. आणि तिसरी कथा तर अशी आहे की, प्रेतयात्रेला निघालेल्या लोकांना लुटारूंची टोळी दिसताच त्यांनी प्रेत घाईघाईने अलीशाच्या थडग्यात टाकले, आणि त्याच्या अस्थींचा स्पर्श होताच तो मृत मनुष्य उठून उभा राहिला. पुढील शतकांत ख्रिस्ती जगाने संतांच्या अस्थींविषयी जो अपार आदर बाळगला, त्याचे एक मूळ या छोट्याशा कथेत आहे. नव्या करारात येशू याईराच्या १२ वर्षांच्या मुलीला, नाईन गावच्या विधवेच्या एकुलत्या एका मुलाला, आणि बेथानीच्या लाजराला उठवतो. पेत्र यापोच्या टबीथेला उठवतो. आणि पौलाचे प्रवचन रात्री उशिरापर्यंत लांबल्यामुळे झोप अनावर होऊन तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कोसळलेला युतुख हा तरुण त्रोवस येथे पुन्हा जिवंत होऊन घरी नेला जातो.

या कथांची एक विशेषता माझ्या मनाला फार भावते. त्यांत चमत्काराचा गाजावाजा थोडा, आणि घरगुती जिव्हाळा फार. याईराची मुलगी उठताच तिला काही खायला द्या, अशी आज्ञा होते. नाईनच्या तरुणाला त्याच्या आईच्या स्वाधीन केले जाते. टबीथेच्या प्रेताभोवती जमलेल्या विधवा तिने त्यांच्यासाठी शिवलेली वस्त्रे पेत्राला रडत रडत दाखवतात. जो जीव परत येतो तो कुणाचे तरी अश्रू पुसण्यासाठी येतो. परंतु ही सारी माणसे आपापल्या पूर्वीच्या मर्त्य आयुष्यात परतली, आणि पुढे केव्हा तरी त्यांना पुन्हा मरावेच लागले असणार. येशूच्या पुनरुत्थानाविषयी ख्रिस्ती धर्म जे सांगतो ते याहून सर्वस्वी वेगळे आहे: तेथे मृत्यू पुढे ढकलला जात नाही, त्याची सत्ताच संपुष्टात येते.

ही श्रद्धा ग्रंथरूप कशी झाली, याचा क्रम मोठा बोधप्रद आहे. येशूच्या काळी खुद्द यहुदी समाजातच या प्रश्नावर दोन तट होते. दानीएलाच्या ग्रंथाच्या आधारे परूशी मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवीत, आणि मंदिराच्या कारभाराशी निगडित असलेले सदूकी तो साफ नाकारीत. ख्रिस्ती लेखनातील सर्वांत जुना विस्तृत पुरावा म्हणजे पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र होय. त्यात रिकाम्या थडग्याचे वर्णन नाही, देवदूत नाही, भूकंप नाही. आहे ती साक्षीदारांची यादी: प्रथम पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि सरतेशेवटी पौल स्वतः. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही पौल नमूद करतो, जणू एखाद्या मामल्यात साक्षीदारांची नावे दप्तरी दाखल करावीत आणि ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे असे सुचवावे.

कथानकाचा विस्तार नंतर होतो. सन ७० च्या आसपास लिहिल्या गेलेल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत प्राचीन संपूर्ण हस्तलिखितांचा शेवट, रिकामे थडगे पाहून भयभीत झालेल्या स्त्रिया कुणाला काही न सांगता पळून गेल्या, येथे होतो. मत्तय त्यात भूकंप व पहारेकरी आणतो, आणि गालीलातील डोंगरावर शिष्यांना दर्शन झाले तेव्हाही काहींना संशय आला, हे मोठ्या प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. लूक पुनरुत्थित प्रभूला शिष्यांसमोर भाजलेली मासोळी खायला लावतो, ते पिशाच्च नव्हे हे पटावे म्हणून. आणि ज्या स्त्रियांच्या साक्षीला त्या समाजात फारसे वजन नव्हते, त्यांनाच चारही शुभवर्तमाने पहिल्या साक्षीचा मान देतात. या वृत्तांतांत परस्परांशी न जुळणारे तपशील पुष्कळ आहेत. ते झाकण्याचा यत्न संकलनकर्त्यांनी केला नाही, यामुळे त्यांची विश्वसनीयता माझ्या दृष्टीने घटत नाही, उलट वाढते.

थोमाला मनुष्यरूप देतो तो योहान. लाजर मेल्याचे कळल्यावर, जिवाला धोका असूनही येशू यहुदियाकडे निघतो, तेव्हा आपणही जाऊन याच्याबरोबर मरू या, असे इतर शिष्यांना सांगणारा थोमाच होता; म्हणजे मृत्यूला तो भीत नव्हता, त्याला आशेचे भय वाटत होते. येशू प्रथम शिष्यांना दिसला त्या संध्याकाळी थोमा तेथे नव्हता. नंतर त्याने खिळ्यांच्या खुणा पाहण्याची व कुशीतील जखमेत हात घालण्याची अट घातली. आणि आठ दिवसांनी येशूने बंद दारांच्या आत येऊन ती अट अक्षरशः मान्य केली. पण थोमाने खरोखर स्पर्श केला असे योहान कुठेही लिहीत नाही. स्पर्शाची परवानगी मिळताच त्याचा संशय विरला, आणि संपूर्ण ग्रंथातील सर्वांत उत्कट कबुली त्याच्या मुखातून बाहेर पडली. त्यानंतर न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना येशूने धन्य म्हटले. परंतु पाहू मागणाऱ्याला त्याने दाराबाहेर ठेवले नाही.

हा थोमा भारतात आला, असे सांगणारा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभी एदेसा परिसरात सिरियाक भाषेत रचलेली ‘थोमाची कृत्ये’. चर्चने त्यास अधिकृत धर्मग्रंथांत स्थान दिलेले नाही. पण त्यातील गोंडोफरस राजा मात्र कल्पित ठरला नाही. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे त्याची नाणी आणि तख्त-ए-बाही येथील त्याचा शिलालेख सापडून, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातील तो एक इंडो-पार्थियन अधिपती असल्याचे सिद्ध झाले. या ग्रंथात राजवाडा बांधण्यासाठी मिळालेला पैसा थोमा गोरगरिबांत वाटून टाकतो. संतप्त राजा त्याला कैदेत घालतो. इतक्यात राजाचा भाऊ गाद मरतो, थोमाने बांधलेला वाडा स्वर्गात पाहतो, आणि तो विकत मागण्यासाठी पुन्हा देहात परततो. पुढे सर्पाने मारलेला एक तरुण आणि खुनाला बळी पडलेली एक स्त्री यांनाही थोमा उठवतो. शेवटी मज्दै नावाच्या राजाच्या मुलुखात चार सैनिक भाल्यांनी त्याचा वध करतात. आणि काही काळाने आजारी मुलासाठी संताची एखादी अस्थी मिळावी म्हणून राजा थडगे उघडतो तेव्हा, अस्थी पश्चिमेकडे नेल्या गेल्यामुळे, त्याच्या हाती फक्त माती लागते, आणि त्या मातीनेच मुलगा बरा होतो. पुनरुत्थानाच्या साक्षीदाराचे थडगेही रिकामे निघावे, आणि उरली ती माती औषधी ठरावी, ही कल्पना मैलापूरच्या पुढील सहस्र वर्षांच्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे.

सहाव्या शतकात फ्रँक बिशप ग्रेगरी ऑफ तूर याने, थिओडोर नावाच्या प्रवाशाच्या सांगण्यावरून, भारतात थोमाचा देह प्रथम जेथे ठेवला होता तेथील चर्च व मठाचा उल्लेख केला; पण जागेचे स्पष्ट वर्णन मिळते ते मार्को पोलोकडून, इसवी सन १२९२-९३ च्या सुमाराचे. मलबार नव्हे, तर माबर म्हणजे पूर्वेकडील तमिळ किनारा. त्यावरील एक लहानसे गाव, जेथे व्यापारी क्वचितच फिरकतात, परंतु ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही यात्रेस येतात. संत जेथे मारला गेला तेथील तांबडी माती यात्रेकरू घरी नेतात आणि पाळीच्या तापाने पडलेल्या माणसास पाण्यातून देतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. सिरियाक ग्रंथातील मज्दै राजाची माती हजार वर्षांनंतर या किनाऱ्यावर जिवंत रूढी होऊन बसली होती.

येथे मराठी वाचकास आपल्या मुलुखाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. इसवी सन १३२१ मध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला. त्यांतील एकाचे नावही थोमाच होते, तोलेंतिनोचा थोमा. त्यांचे देह जॉर्डनस या डोमिनिकन साधूने सोपाऱ्यास पुरले. आणि थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिक या इटालियन प्रवाशाने त्यांच्या अस्थी उकरून बरोबर घेतल्या व चीनपर्यंत वाहून नेल्या. ठाण्यातील वधाच्या जागेवरची माती हिंदू आणि मुसलमान आजारपणात पाण्यात कालवून पितात, असे हाच ओडोरिक लिहितो. आणि पुढे पूर्वकिनाऱ्यावर थोमाच्या चर्चभोवती नेस्तोरियन ख्रिस्त्यांची सुमारे १५ घरे आपण पाहिल्याचेही तोच सांगतो. कोकणचा किनारा आणि चोलमंडलाचा किनारा यांना त्या एका प्रवाशाने, आणि एका रूढीने, असे जोडून ठेवले आहे. धर्माच्या सरहद्दी कागदावर कितीही काटेकोर असल्या, तरी दुखण्याने गांजलेली माणसे त्या ओलांडून पलीकडची माती ओंजळीत घेतात, हे दोन्हीकडचे सत्य होय.

पोर्तुगीज अंमल आला तो अस्थींचा शोध घेतच. १५१७ मध्ये काही पोर्तुगीज एका आर्मेनियन व्यापाऱ्यासोबत मैलापुरास पोहोचले. १५२३ मध्ये गव्हर्नर दुआर्ते द मेनेझिस याच्या कारकिर्दीत जुने थडगे उकरले गेले, आणि काही अस्थी, भाल्याचे पाते व मातीने भरलेले एक भांडे मिळाल्याचे त्यांच्या वृत्तांतांत नमूद झाले. १५४५ मध्ये फ्रान्सिस झेवियर येथे काही महिने राहून या थडग्यापाशी प्रार्थना करीत असे. १५४७ मध्ये परंगिमलैवर चर्चच्या पायासाठी खोदताना पहलवी लिपीतील लेख कोरलेला एक दगडी क्रूस सापडला. विद्वान त्याचा काळ सातव्या ते नवव्या शतकांदरम्यान मानतात, आणि पर्शियन परंपरेचे ख्रिस्ती पोर्तुगिजांच्या पुष्कळ आधी या किनाऱ्यावर नांदत होते याचा तो निर्विवाद पुरावा आहे. १६०६ मध्ये मैलापूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सध्याचे गॉथिक धाटणीचे चर्च १८९६ मध्ये पूर्ण झाले आणि १९५६ मध्ये त्यास बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

परंतु या वैभवाच्या हिशेबात एक खर्चाची बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. कपालीश्वराचे पुरातन देऊळ समुद्रकाठी होते, पोर्तुगीज काळात ते गेले, आणि आजचे देऊळ नंतर आतल्या बाजूस उभारले गेले, अशी मैलापूरची दृढ परंपरा आहे. सांथोमच्या परिसरात मिळालेले जुन्या देवळांचे कोरीव दगड व शिलालेखांचे तुकडे तिला पुष्टी देतात. जेथे दोन श्रद्धा शेजारी राहू शकल्या असत्या, तेथे तोफांच्या छायेतील सत्तेने एकीला उठवून दुसरीला जागा दिली. ज्या प्रेषिताने बळजबरीने काहीच मानले नाही, त्याच्या नावे हे व्हावे, याचे दुःख कोणाही विचारी ख्रिस्ती माणसाला होईल.

आणि ज्या देवळाला स्थान सोडावे लागले, त्याची सर्वांत प्रिय कथाही पुनर्जीवनाचीच आहे, ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. मैलापूरच्या शिवनेसन चेट्टियाराची कन्या पूंपावै सर्पदंशाने मरण पावली; बापाने तिच्या अस्थी आणि रक्षा एका घटात जपून ठेवल्या; आणि सातव्या शतकातील बालसंत तिरुज्ञानसंबंदर मैलापुरास आले तेव्हा त्यांनी त्या घटासमोर पदे गायिली आणि कन्या सजीव होऊन बाहेर आली. ही पदे आजही दुसऱ्या तिरुमुऱैत आहेत, आणि त्यांत मैलापूरचे उत्सव एकामागून एक येतात: ओणम, कार्तिकैचे दीप, मार्गळीतील तिरुवादिरै, तैपूसम, मासीतील समुद्रस्नान, पंगुनी उत्तिरम, हे सारे न पाहताच तू निघून जाणार काय, असा संतकवी त्या मृत मुलीला पुनःपुन्हा प्रश्न करतो. थोमाच्या कथेत न पाहता मानणारे धन्य ठरतात. पूंपावैच्या कथेत न पाहता जाणे हीच हानी ठरते. एक कथा दृष्टीच्या पलीकडच्या आशेकडे बोट दाखवते, आणि दुसरी याच डोळ्यांनी दिसणाऱ्या दीपमाळांवर, मिरवणुकींवर आणि समुद्रावर इतके प्रेम करते की त्यांच्यासाठी मृताला माघारी बोलावते. आजही पंगुनी मासाच्या उत्सवात हा प्रसंग देवळाकडून दरवर्षी साजरा होतो.

मराठी माणसाला यात काहीच परके वाटू नये. नेवाशास सच्चिदानंदबाबांचे प्राणोत्क्रमण झाले, त्यांची पत्नी सती निघाली, आणि ज्ञानेश्वरांनी त्यांना उठवले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. मार्को पोलोने थोमाच्या मातीची नोंद केली त्याच्या दोन-तीन वर्षेच आधी. ग्रंथाच्या अखेरीस सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले, एवढाच उल्लेख आहे. त्यांच्या पुनर्जीवनाची सविस्तर कथा पुढील चरित्रकारांची. मैलापुरातही हाच क्रम दिसतो: संबंदरांच्या पदांत पूंपावैला उद्देशून विचारलेला प्रश्न आहे, घटाची आणि अस्थींची संपूर्ण कथा सेक्किळाराच्या बाराव्या शतकातील पेरियपुराणात आहे. आणि पौलाची साक्षीदारांची यादी आधी, चार शुभवर्तमानांची कथानके नंतर, हे वर आलेच आहे. सर्वांत जुना थर प्रत्येक ठिकाणी तोकडा आणि संयमी असतो; तो कुणाचे तरी नाव टिपतो आणि थांबतो. नंतरच्या पिढ्यांचे प्रेम त्या नावाभोवती घर बांधते. या प्रेमाला खोटेपणा म्हणणे जितके उथळ, तितकेच त्या दोन थरांतला फरक न ओळखणेही उथळ होय.

आणखी एक साम्य मला याहून खोल वाटते. परत आलेली ही माणसे पलीकडचे काही सांगत नाहीत. चार दिवस थडग्यात राहिलेल्या लाजराच्या तोंडी योहानाने एकही वाक्य घातलेले नाही. याईराची मुलगी जेवते. सच्चिदानंदबाबा हाती लेखणी घेऊन दुसऱ्याचे शब्द उतरवून घेतात. मृत्यूचे गुपित फोडतो तो ‘थोमाची कृत्ये’ मधला गाद, आणि तो ग्रंथ चर्चने अधिकृत मानला नाही. या मौनात या कथांची थोरवी आहे. मरणापलीकडचे कुतूहल पुरवणे हा त्यांचा हेतूच नाही. जे मागे आहेत त्यांचे काय, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या अन्न, आईची कूस, उत्सव आणि हाती घेतलेले काम या रूपांत देतात.

पुनरुत्थानाची कथा मराठीतही फार लवकर आली. १५७९ मध्ये गोव्यास उतरलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स, म्हणजे त्याच प्रेषिताचा नामधारी, याने सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ज्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती अशा नवख्रिस्ती लोकांसाठी, त्यांच्याच ओवीछंदात, त्याने येशूचे चरित्र मरणापर्यंत आणि मरणापलीकडेही नेले. पूर्वेकडे जे सत्तेने दगडांच्या बाबतीत केले, त्याच्या उलट कार्य स्टीफन्सने शब्दांच्या बाबतीत केले: त्याने परक्या कथेला या भूमीच्या जुन्या छंदात मानाने बसवले.

थोमा स्वतः मैलापुरास आला होता काय, याचा निर्णय अस्थी, पाते किंवा मातीचे भांडे देऊ शकत नाही, आणि श्रद्धेने तो इतिहासाकडून वसूलही करू नये. इतिहास एवढेच खात्रीने सांगतो की, निदान सात शतके या किनाऱ्यावर वेगवेगळ्या धर्मांची माणसे एका संशयी साक्षीदाराच्या जागी येत राहिली, आणि त्यांतील बहुतेकांना तत्त्वज्ञान नको होते, आजारी मूल बरे झालेले पाहायचे होते. शोळिंगनल्लुरास राहणाऱ्या मराठी वाचकाने एखाद्या दिवशी मैलापुरास जावे, आणि सांथोमचे थडगे पाहिल्यावर कपालीश्वराच्या देवळातील पूंपावैच्या स्थानीही अवश्य थांबावे. या दोन कथांपैकी एकीलाच खरी ठरवून परतणारा निम्मा इतिहास मागे सोडून येईल. थोमाला स्पर्शाची परवानगी मिळाली ती त्याने प्रामाणिकपणे मागितली म्हणून. तेवढ्याच प्रामाणिकपणे आपण शेजाऱ्याच्या श्रद्धेपुढे उभे राहिलो, तर या किनाऱ्याचे गतकाळातील ऋण काही अंशी तरी फिटेल.